केदारनाथ, लेहला जाताना शरीरात काय होतं? सिकलसेलची तपासणी आधी का करावी?

सिल्वासा : दमणगंगेकाठचं सिल्वासा समुद्रसपाटीपासून जेमतेम तीस-बत्तीस मीटर उंचीवर. इथला माणूस विमान पकडून एका दिवसात लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर पोहोचतो. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर. आपलं सापुतारा हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे तिथला अनुभव इथे धरू नये.

हवेत ऑक्सिजन वरही २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रकिनाऱ्याच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीर लगेच श्वास आणि नाडी वाढवतं, लघवी जास्त होते. रक्तातल्या लाल पेशी वाढायला मात्र आठवडे लागतात. चार दिवसांच्या टूरमध्ये ते होणार कसं? पहिल्या दिवशी डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे बऱ्याच जणांना होतं. पण बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा माणूस बरळू लागला, तर फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असू शकते. अशा वेळी दर्शन राहू द्यावं आणि ताबडतोब खाली उतरावं.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. दादरा नगर हवेली, पालघर, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. त्याचे वाहक एरवी ठणठणीत असतात, अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसतं. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की त्यांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून प्लीहेत अडकू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर डाव्या बरगडीखाली जोराची कळ येते आणि ती गॅस समजून अंगावर काढली जाते.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. तपासणी झाली असेल तर कार्ड शोधून ठेवा. नसेल तर तिकीट काढण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. वाहकांना प्रवासाची बंदी नाही. सावकाश चढावं, पाणी पीत राहावं, पहिले दोन दिवस दमछाक टाळावी. प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये. तिथे पोटात दुखलं तर डॉक्टरांना ‘मी सिकलसेल वाहक आहे’ हे आधी सांगावं.