पडद्यावरचे इंडियन

हॉलिवुडचे ‘वेस्टर्न’ चित्रपट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा देखावा नव्याने सांगावयास नको. तांबड्या मातीचे उघडे मैदान, त्यात मनोऱ्यांसारखे उभे ठाकलेले कडे, खालून धुरळा उडवीत चाललेली घोड्यांची टपालगाडी आणि वर एकाएकी दिसू लागलेली इंडियन स्वारांची रांग. ही जागा म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली. युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवरचा हा भाग नव्हाहो या मूळ रहिवाशांच्या राखीव मुलखात मोडतो.

जॉन फोर्ड हा दिग्दर्शक ‘स्टेजकोच’च्या चित्रणासाठी येथे आला. चित्रपट १९३९ साली लागला. ते दिवस मंदीचे होते, नव्हाहोंना रोजगार हवा होता आणि फोर्डला घोडेस्वार हवे होते. सौदा दोघांच्याही सोयीचा झाला, हे मान्य केले पाहिजे. पण पडद्यावर ते नव्हाहो राहिले नाहीत. ‘स्टेजकोच’मध्ये ते अपाची झाले, १९५६ च्या ‘द सर्चर्स’मध्ये कोमान्ची, तर १९६४ च्या ‘शायेन ऑटम’मध्ये शायेन. आपल्याकडच्या कोळ्याला आज पठाण म्हणून उभे करावे आणि उद्या गुरखा म्हणून, तशातलीच ही गोष्ट. या जमातींच्या भाषा वेगळ्या, घरे वेगळी, आपसांत वैरेही होती. प्रेक्षकाला मात्र एकच ‘इंडियन’ ठाऊक झाला.

बरे, एवढे करून मुख्य भूमिका तरी त्यांच्या वाट्याला याव्यात! तेही नाही. ‘सर्चर्स’मधला कोमान्ची सरदार झाला आहे हेन्री ब्रँडन, जन्माने बर्लिनचा. १९५० च्या ‘ब्रोकन ॲरो’ने अपाचींकडे सहानुभूतीने पाहिले, त्याबद्दल त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्यातही कोचीझ हा पुढारी रंगविला ब्रुकलिनच्या जेफ चँडलरने. जे सिल्व्हरहील्स हा खरा मोहॉक नट त्याच चित्रपटात होता. त्याला जेरोनिमोची लहानशी भूमिका मिळाली.

निग्रो म्हणून ज्यांना तेव्हा संबोधीत, त्या कृष्णवर्णीयांची हकिगत आणखी निराळी. त्यांना पडद्यावर आणलेच नाही म्हणा ना. गुरे हाकणाऱ्या काउबॉइजमध्ये चारांतला एक कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. (‘रँच’, ‘लासो’, ‘रोडिओ’ हे शब्द तर मेक्सिकोच्या गुराख्यांकडून आलेले!) ‘सर्चर्स’चेच पाहा. पळवून नेलेल्या पुतणीच्या शोधात वर्षानुवर्षे हिंडणारा त्यातला नायक म्हणजे जॉन वेन. ज्या खऱ्या माणसांवरून ही कथा सुचली असे अभ्यासक मानतात, त्यांत ब्रिट जॉन्सन हा टेक्ससचा कृष्णवर्णीय गाडीवान आहे. १८६४ च्या हल्ल्यात त्याची बायकामुले कोमान्ची आणि कायोवा यांनी नेली. तो त्यांच्या मागावर निघाला, आणि पुढल्या वर्षी ती परत मिळाली. चित्रपटात त्याची सावलीही नाही. पुढे १९६० साली फोर्डनेच ‘सार्जंट रटलेज’मध्ये वुडी स्ट्रोडला कृष्णवर्णीय सैनिकाची मुख्य भूमिका दिली. नामावळीत मात्र पहिले नाव त्याचा बचाव करणाऱ्या गोऱ्या लेफ्टनंटचे, म्हणजे जेफ्री हंटरचे.

उतारवयात फोर्डला इंडियनांची बाजू मांडावीशी वाटली. ‘शायेन ऑटम’ त्यातूनच झाला. १८७८ साली सुमारे तीनशे शायेन स्त्री-पुरुष सरकारने नेमून दिलेला मुलूख सोडून उत्तरेला आपल्या घराकडे चालत निघाले, त्याची ही कथा. हेतू चांगला होता, पण पुढाऱ्यांच्या भूमिका रिकार्डो मोंताल्बान आणि गिल्बर्ट रोलंड या मेक्सिकोत जन्मलेल्या नटांकडे गेल्या. भोवतीचे शायेन पुन्हा नव्हाहोच, आणि संवाद बोलायचे तेही नव्हाहो भाषेत. चित्रीकरण करणाऱ्यांना त्यातले अक्षर कळत नव्हते. तेव्हा असे सांगतात की, गंभीर प्रसंगी या मंडळींनी मनाला येईल ते, बरेचसे चावट, बोलून घेतले. आणि चित्रपट त्यांच्या मुलखात लागला तेव्हा इतरांचे डोळे जेथे पाणावावेत तेथे नव्हाहो प्रेक्षक पोट धरून हसत होते.