खेजडी : थार वाळवंटातील शमीवृक्ष

महाराष्ट्रात दसऱ्याला पूजला जाणारा शमीवृक्ष पश्चिम राजस्थानात खेजडी या नावाने ओळखला जातो. १९८३ मध्ये त्याला राज्यवृक्षाचा दर्जा मिळाला. बाजरीच्या शेतातील खेजडी शेतकरी सहसा तोडत नाहीत. तिची मुळे पाण्यासाठी खोलवर जातात आणि गळालेल्या पाल्याने जमिनीचा कस वाढतो. हिवाळ्यात फांद्या छाटून ‘लूंग’ हा पाला जनावरांसाठी वाळवून ठेवतात. कोवळ्या शेंगा, म्हणजेच सांगरी, उकडून वाळवल्या की दुष्काळातही भाजीची सोय होते. १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली येथे या वृक्षांच्या रक्षणार्थ अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, असे परंपरा सांगते. छाटणी जुनीच; परंतु दरवर्षीची संपूर्ण छाटणी, खालावलेले भूजल आणि मुळे पोखरणारी कीड यांमुळे अनेक झाडे वाळत आहेत. बिकानेर परिसरात सौर प्रकल्पांसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्ध ग्रामस्थांनी आंदोलनेही केली आहेत.