मार्क्स वाचावा कोठून?

एखादा शिक्षक मोठ्या हौसेने मार्क्सचे ‘कॅपिटल’ उघडतो. पहिल्याच प्रकरणात वीस वार कापड आणि एक कोट यांच्या मूल्याचा लांबलचक हिशेब लागतो, आणि पुस्तक पुन्हा कपाटात जाते. मग या विचारावर बोलायला उरतात दोघेच : न वाचता जयजयकार करणारे आणि न वाचता शिव्या घालणारे. ज्या ग्रंथाच्या नावाने राज्ये उभी राहिली, आणि त्यांतले सोव्हिएत राज्य १९९१ साली मोडलेही, त्याबद्दल एवढ्यावर भागवणे बरे नव्हे.

खरे म्हणजे ही अडचण मार्क्सला ठाऊक होती. ‘कॅपिटल’चा पहिला खंड १८६७ साली निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने हॅनोव्हरच्या डॉ. कुगेलमान या स्नेह्याला कळवले की, तुमच्या पत्नीला कामाचा दिवस, सहकार्य व यंत्रे, आणि भांडवलाचा आरंभीचा संचय ही प्रकरणे आधी वाचायला सांगा. अवघड शब्द समजावण्याचे काम त्याने डॉक्टरांवर टाकले. आपल्याकडे ते गावच्या गुरुजींनी करावे!

खेड्यातल्या माणसाने तर मी म्हणेन शेवटच्या भागापासूनच सुरुवात करावी. तिथे कोट नाही, जमीन आहे. इंग्लंडात सामाईक रानांना कुंपणे कशी पडली, कसणारा माणूस उठून शहरात मजूर कसा झाला, ते तिथे येते. स्कॉटलंडात सदरलंडच्या सरदारणीने १८१४ ते १८२० या काळात सुमारे १५,००० माणसे जमिनीवरून हुसकली. त्यांच्या जागी १,३१,००० मेंढ्या आल्या, असा आकडा मार्क्स देतो. तो वाचून कोणी जांभई देईल असे वाटत नाही. कामाच्या दिवसाचे प्रकरणही तसेच. त्यात सरकारी अहवालांतून उतरवलेल्या साक्षी आहेत. कुंभारकामाच्या कारखान्यात नऊ वर्षांचा मुलगा सकाळी सहापासून रात्री नवापर्यंत राबतो, हे त्या मुलाच्याच तोंडून कळते.

यानंतर ‘मजुरी आणि भांडवल’ घ्यावे. हे मुळात बोललेलेच आहे; १८४७ च्या डिसेंबरात मार्क्सने ब्रुसेल्समधल्या जर्मन कामगारांपुढे ही व्याख्याने दिली. १८९१ साली एंगल्सने त्यात एक दुरुस्ती केली : मजूर श्रम विकत नाही, श्रमशक्ती विकतो. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण आपला सालगडी आठवा. मालक त्याची एकेक नांगरणी, एकेक मोट मोजून विकत घेत नाही. वर्षभराची त्याची राबण्याची ताकद घेतो. त्या ताकदीतून किती काम निघाले आणि तिच्यापोटी किती दिले, यांतला फरक कोणाच्या पदरात पडतो, हाच तर मार्क्सचा सवाल. ही गाठ सुटली की ते कापड आणि कोटही फारसे छळत नाहीत.

‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ पुष्कळजण पहिल्यांदा हाती घेतात, कारण तो लहान आहे. १८४८ च्या फेब्रुवारीत लंडनला निघालेली पहिली प्रत अवघी तेवीस पानांची होती. पण तिसऱ्या भागातले बरेचसे भांडण त्या वेळच्या पंथोपपंथांशी आहे. ते खुशाल सोडून द्यावे. यातले काही आता जुने झाले, असे १८७२ च्या प्रस्तावनेत मार्क्स-एंगल्सनेच म्हटले आहे. मजकूर मात्र त्यांनी बदलला नाही. हा आता इतिहासाचा कागद झाला, त्यात फेरफार करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.