गळ, बेडूक आणि सोमेश्वर राजा

मंडळी, या वीकांताचा विषय जरा ओला आहे. मासेमारी!

झालं असं, की मागच्या महिन्यात पुण्यात बसून मी ऑनलाइन एक रबरी बेडूक मागवला. पोटात दोन वाकडे गळ लपवलेले, मागे झालरीसारखे दोन पाय. पाणवनस्पतींवरून तो टुणटुण ओढत आणायचा आणि खाली दबा धरून बसलेल्या मरळाने झडप घालायची, अशी कल्पना. पाऊस संपला की अमरावतीला घरी जाऊन हे नवं तंत्र वापरायचं, असा माझा बेत. व्हिडिओ बघून बघून मनगटाचा झटका पण घोटून ठेवला होता, हापिसातल्या पट्टीवर!

अकोल्याच्या मामांना फोनवर हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काहून रे, बेडकाले पैसे दिले तू? आमी तं तयाच्या काठावरचाच पकडत होतो नं!"

म्हणजे बांबूची काठी, दोरा, गळाला जिवंत बेडूक, आणि तो शेवाळावर नाचवायचा. तंत्र तेच. फक्त मामांचं फुकट होतं आणि माझं कुरिअरने आलं.

असो. पण त्यामुळे डोक्यात किडा वळवळला, की ही विद्या जुनी तरी किती? शोधायला गेलो आणि थेट बाराव्या शतकात पोचलो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. त्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ साधारण ११२९ च्या सुमाराचा. मराठीच्या अभ्यासकांना तो माहीत असतो, कारण त्यातल्या संगीताच्या भागात जुन्या मराठीतल्या ओळी सापडतात. खवय्यांना माहीत असतो तो त्यातल्या पाककृतींमुळे. पण त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा अख्खा अध्याय गळाने मासे धरण्यावर आहे! समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय खायला घालायचं, काठी आणि दोरा कसा असावा, सगळं नीट लावलेलं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर लेख लिहिला. आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १६५३ चं, म्हणजे आपला राजा पाचशे वर्षं आधीचा.

छाती फुगली ना? माझीही फुगली होती. पण पुढची गोष्ट ऐका.

१८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद छापली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका महासीराला त्याने 'खुद्री' हे नाव दिलं. १८७३ मध्ये मद्रास सनदी सेवेतल्या एच. एस. थॉमसने हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि साहेबलोक महासीरामागे वेडे झाले. पण नुसते गळ टाकून ते थांबले नाहीत. नद्यांत विष कालवणं, बारीक जाळ्यांनी पिल्लं उपसणं याबद्दलचे अहवालही त्याच दशकातले. पुढे १८९७ चा मत्स्यकायदा आला आणि पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष घालून मासे मारणं गुन्हा ठरलं.

मग १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात याच खुद्री महासीराची कृत्रिम पैदास जमली. हेतू चांगला होता, मासा वाचवायचा. पिल्लं देशभर गेली, कावेरीतही सोडली. कावेरीत मात्र आधीपासून तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महासीर होता. आपला पाहुणा तिथे इतका माजला, की मूळ घरमालक दिसेनासा झाला. त्या कुबडवाल्याचं शास्त्रीय नाव 'टॉर रेमादेवी' हे नक्की झालं २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. ओळख पटली तेव्हा पेशंट अतिदक्षता विभागात!

आमच्या धंद्यात चुकीचं व्हर्जन गेलं तर रोलबॅक करता येतो. नदीत येत नाही.

हे वाचल्यावर माझ्या रबरी बेडकाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. मामांना पुन्हा फोन केला आणि विचारलं, तुम्ही पावसाळ्यात मरळ धरायचे का? मामा म्हणाले, "नाही बा. पोरं असतात त्याच्यासंग."

खरंच आहे ते. मरळ पावसाळ्यात वितो आणि आई-बाप पिल्लांची राखण करतात. लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर हवा घ्यायला येतो आणि खाली आई-बाप असतात. अशा वेळी मरळ भुकेने नाही, रागाने झडप घालतो. तिथे बेडूक टाकला की हमखास लागतो. आणि तो उचलला की थव्याचा राखणदार गेला. माझ्या लाडक्या व्हिडिओत नेमकं हेच 'सिक्रेट' म्हणून शिकवलं होतं.

तर नव्या मोसमाचा सुधारित बेत असा: दोन गळांपैकी एक काढून टाकायचा, उरलेल्याचा काटा पक्कडीने दाबायचा, म्हणजे मासा कमी इजा होऊन सुटेल. लाल थवा दिसला की काठी गुंडाळायची. तलावाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिला आधी विचारायचं, कारण आपला तो विरंगुळा आणि त्यांचं ते पोट. आणि मेळघाटातल्या सिपनेकडे फक्त बघायचं, व्याघ्रप्रकल्पात गळ टाकायचा नाही.

मामाही येणार आहेत. म्हणाले, "तुहा बेडूक आण. मी माही काठी आणतो. पाहू कोनाले लागते."

पैज कोण जिंकणार, ते मला आत्ताच माहीत आहे...