वाटेवरचे अरण्य : कर्नाळ्याचा किल्ला आणि अभयारण्य

पनवेलच्या दक्षिणेस सुमारे १२ किलोमीटरवर असलेले कर्नाळा अभयारण्य अवघे १२.११ चौरस किलोमीटरचे असले, तरी कोकणच्या इतिहासात आणि निसर्गात त्याचे स्थान मोठे आहे. कोकणपट्टीतील बंदरांवरून बोरघाटामार्गे देशावर, म्हणजे सह्याद्रीपलीकडील पठारावर, जाणाऱ्या वाटांवर येथून नजर ठेवता येत असे. या डोंगरावर किल्ला उभा राहिला तो त्यामुळेच, आणि पुढे या अरण्यावर जे संकट आले तेही वाटेमुळेच.

किल्ल्याचा वापर देवगिरीच्या यादवांच्या काळापासून होत असल्याचे मानले जाते. १५४० मध्ये गुजरातच्या सैन्याने तो जिंकला, तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीने वसईच्या पोर्तुगिजांची मदत घेऊन तो सोडवला. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळ्याचा समावेश होता आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने तो घेतला, त्या वेळी अनंतराव फडके हे किल्लेदार होते. पायथ्याजवळच्या शिरढोण गावी १८४५ मध्ये जन्मलेले आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके हे त्यांचेच नातू. माथ्यावरील बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाचा, उंच सुळका दुरूनही ओळखू येतो. त्याच्या पायथ्याशी पाण्याची कोरीव टाकी आहेत आणि त्याच्या कड्यांना आग्या माशांची मोहोळे लटकलेली असतात.

किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपल्यावर डोंगराच्या उतारावरील जंगलाचा प्रश्न पुढे आला. साग, ऐन, खैर, कुंभा, पांगारा आणि उंबर अशा वृक्षांच्या या आर्द्र पानझडी वनावर, म्हणजे भरपूर पावसाच्या प्रदेशातील परंतु उन्हाळ्यात पाने गाळणाऱ्या जंगलावर, परिसरातील शेतकऱ्यांचा आणि आदिवासींचा निर्वाह अवलंबून होता. खैराचा गाभा उकळून कात काढणाऱ्या कातकऱ्यांना जसे जंगल हवे होते, तसे ते भातशेती करणाऱ्यांनाही हवे होते. रोपे लावण्यापूर्वी वाफ्यावर फांद्या, पाने आणि शेण पसरून जाळण्याच्या पद्धतीला ‘राब’ म्हणतात, आणि त्यासाठी लागणारी फांदी रानातूनच तोडली जाई. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांतील हे हक्क आवळले गेले, तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत इतका असंतोष माजला, की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. जंगल राखण्याचा प्रश्न हा माणसांच्या हक्कांचाही प्रश्न असतो, ही बाब येथे पक्षी अभयारण्याची कल्पना येण्यापूर्वीच स्पष्ट झाली होती.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याच्या चार वर्षे आधी, १९६८ मध्ये, कर्नाळा हे अभयारण्य घोषित झाले आणि महाराष्ट्रातील पहिले पक्षी अभयारण्य म्हणून ओळखले जाऊ लागले; मूळचे सुमारे साडेचार चौरस किलोमीटरचे क्षेत्र २००३ मध्ये वाढवण्यात आले. येथे बिबट्या, भेकर आणि रानडुक्कर आढळतात, परंतु या वनाची खरी ओळख पक्ष्यांचीच आहे, आणि त्यांच्या दोनशेहून अधिक जातींची नोंद येथे झाली आहे. भृंगराज, शामा, स्वर्गीय नर्तक आणि हिवाळ्यात येणारे स्थलांतरित पक्षी येथे दिसत असले, तरी पावसाळ्यात विणीसाठी येणारा तिबोटी खंड्या हा येथील सर्वांत मोलाचा पाहुणा होय, कारण चिमणीहून लहान असलेला हा रंगीत पक्षी रायगडचा जिल्हा पक्षी आहे. ओढ्याकाठच्या भिजलेल्या मातीच्या उभ्या कडेत चोचीने बीळ खोदून नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात, आणि पिलांना पाली, बेडूक, कोळी व लहान खेकडे भरवतात. दाट सावली, वाहते ओढे आणि मऊ माती या तिन्हींचा मेळ जमला नाही, तर त्याची वीण होत नाही.

नेमक्या अशाच वनातून आज मुंबई-गोवा महामार्ग जातो. वाहनांचा आवाज आणि वेग यांमुळे लहानसे अरण्य दुभंगते, आणि चौपदरीकरणासारख्या प्रत्येक कामात झाडांचा प्रश्न नव्याने उभा राहतो. मुंबई-पनवेल परिसराच्या वाढीमुळे भोवतालची झाडीही तुटत चालली आहे. बारा चौरस किलोमीटरची हद्द कागदावर कितीही पक्की असली, तरी लगतच्या डोंगररांगांशी तिचा संबंध तुटल्यास बिबट्यासारख्या मोठा परिसर लागणाऱ्या प्राण्याला तेथे टिकणे कठीण होईल. म्हणून कर्नाळ्याचे रक्षण म्हणजे केवळ हद्दीच्या आतली झाडे राखणे नव्हे, तर हद्दीबाहेरची सलग वनराई, ओढे आणि तेथील आदिवासींचे हक्क यांचाही विचार करणे होय, आणि ही जबाबदारी वन विभागाइतकीच या रस्त्याने रोज जाणाऱ्या समाजाचीही आहे.