वडापाव : एका समासाची जडणघडण

शब्दाचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास नेहमी हातात हात घालून चालतातच असे नाही. वस्तू नवी असते आणि तिचे नाव जुने. कधी नाव परके असते आणि वस्तू मात्र घरची होऊन बसते. ‘वडापाव’ या चार अक्षरी शब्दात हे दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने या गाडीवरच्या खाद्यपदार्थापाशी क्षणभर थांबायला हरकत नाही.

यातील ‘वडा’ हे पूर्वपद आपल्या परिचयाच्या वाटेने आलेले आहे. संस्कृत ‘वटक’, त्यातील ‘ट’चा प्राकृतात ‘ड’ झाला, ‘क’ झिजला आणि मराठीत ‘वडा’ उरला. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही वटक आढळतो. मात्र तो डाळीचा. आजच्या वड्यातील बटाटा तेव्हा भारतात यायचा होता. तो दक्षिण अमेरिकेतला; त्याचे मराठी नाव पोर्तुगीजांकडून आले. मिरचीही अमेरिकेतूनच आलेली, पण तिच्या बाबतीत मराठीने वेगळा मार्ग पत्करला. घरातल्या ‘मिरी’च्या नावावरूनच या नव्या तिखटाला नाव दिले. बटाट्याचे नाव उसने घेतले आणि मिरचीचे घरी घडवले. परक्या वस्तूचे स्वागत करण्याच्या भाषेच्या या दोन रीती एकाच वड्यात सापडतात.

खरा वाद आहे तो ‘पाव’ या उत्तरपदाचा. याच्या दोन लोकव्युत्पत्ती सर्वतोमुखी आहेत. कणीक पायाने तुडवतात म्हणून पाव, ही पहिली. लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, ही दुसरी. दोन्ही ऐकायला सोप्या आहेत, पण तपासायला गेले की टिकत नाहीत. पायाला ‘पाँव’ म्हणतात ते हिंदीत. मराठी माणूस ‘पाय’ किंवा ‘पाऊल’ म्हणतो. आणि लादी चारच पावांची असावी असा काही नियम नाही. याहून निर्णायक पुरावा समुद्रापलीकडचा आहे. जपानी भाषेत ब्रेडला ‘पान’ म्हणतात. तिथे चतुर्थांशाला ‘पाव’ म्हणत नाहीत आणि पायालाही नाही. पण सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिथेही पोचले होते. नाकातून उच्चारला जाणारा पोर्तुगीज ‘पाँव’, म्हणजे लॅटिन ‘पानिस’चा वंशज, हाच या दोन्ही शब्दांचा उगम. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि त्यांच्याबरोबर भट्टीची रोटी आली. ती भाजणाऱ्याला गोव्यात आजही ‘पदेर’ म्हणतात. तो शब्दही पोर्तुगीजच.

तरीही लोकव्युत्पत्तीला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारू नये. पायाने तुडवल्याच्या कथेत एक किळस दडलेली आहे आणि त्या किळसेला सामाजिक इतिहास आहे. पाव ही धर्मांतराशी जोडली गेलेली वस्तू होती. विहिरीत पाव टाकला आणि त्या पाण्याने गाव बाटले, अशा कथा कोकणपट्टीत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. ‘पाव’ हा शब्द जातीच्या कुंपणापलीकडचा होता.

म्हणूनच ते कुंपण ओलांडू पाहणाऱ्यांनी याच वस्तूची निवड केली. 1849 च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. हे सारे गुप्तपणे चाले. पुढे सभासदांची नावे फुटली आणि 1860 च्या सुमारास सभा मोडली. या सभेच्या प्रवर्तकांत दादोबा पांडुरंग होते. 1836 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे तेच दादोबा. मराठी शब्दांच्या जाती लावून देणारा हा वैयाकरण माणसांच्या जाती मोडण्यासाठी पावाच्या तुकड्याचा आधार घेत होता, ही गोष्ट आपल्या वर्गात अभावानेच सांगितली जाते. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाबिस्किटांवरून टिळक, रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. म्हणजे चार दशकांनंतरही हे कुंपण शाबूत होते.

ते मोडले व्याख्यानांपेक्षा गिरणीच्या भोंग्याने. पाळीवर धावणाऱ्या माणसाला स्वस्त, हातात मावणारे आणि चालता चालता खाता येणारे अन्न हवे होते. 1966 च्या आसपास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आद्यत्वाचा मान कोणाचाही असो, नाव मात्र गिऱ्हाइकांच्या तोंडी घडले. ‘वडा आणि पाव’ हा विग्रह; पण मागताना आपण ‘एक वडापाव’ म्हणतो. दोन पदार्थ मिळून एकवचन झाले, म्हणजे हा समाहार द्वंद्व. मीठभाकर याच घडणीचा शब्द. क्रम उलटून ‘पाववडा’ म्हटले तर पदार्थच बदलतो. समास किती पक्का झाला आहे याची ही खूण.

भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘महापौर’, ‘दिनांक’ असे कितीतरी शब्द रुजवले. पण ‘पाव’ आणि ‘बटाटा’ यांना पर्याय रुजला नाही. आज वडापाव हे मराठी अस्मितेचे चिन्ह म्हणून मिरवले जाते. ते मिरवायला काहीच हरकत नाही. फक्त त्या अस्मितेचा अर्धा शब्द पोर्तुगीज आहे आणि तो तोंडात घेतल्याबद्दल एके काळी माणसे वाळीत पडत होती, एवढे स्मरणात असावे. परक्याला समासात घेऊन एकवचनी करण्याची ही ताकद भाषेने दाखवली आहे. भाषकांनीही ती दाखवावी, अशी अपेक्षा गैर नाही.