पेशींचा कचरा आणि पेशींचे टपाल

अस्थिमज्जेत तयार होणारी तांबडी पेशी पूर्ण पक्व होण्याआधी एका अर्धवट अवस्थेत असते. तिला रेटिक्युलोसाइट म्हणतात. हिमोग्लोबिन बनवायला तिला लोह लागते. रक्तातून लोह वाहून आणण्याचे काम ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन करते आणि ते पकडण्यासाठी रेटिक्युलोसाइटच्या पृष्ठभागावर ग्राहक-प्रथिने असतात. पेशी पक्व झाली की हे ग्राहक दिसेनासे होतात. मग ते जातात कुठे?

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉन्स्टोन मेंढीच्या रक्तावर या प्रश्नाचा शोध घेत होत्या. पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या तो द्रव अतिवेगाने फिरवल्यावर तळाशी जो साका बसला, त्यातच हे ग्राहक सापडले. ते सुटे नव्हते, सूक्ष्म पिशव्यांच्या आवरणात बसलेले होते. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईस येथे हार्डिंग, ह्यूझर आणि स्टाल यांनी उंदराच्या रेटिक्युलोसाइटमध्ये ट्रान्सफेरिनला सोन्याचे कण चिकटवून हीच वाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते. तिचे आवरण आतल्या बाजूला दुमडून तिच्या पोटात लहान पिशव्या तयार होतात. मग मोठी पिशवी पेशीच्या बाह्य आवरणाला जाऊन मिळते आणि मटाराची शेंग उकलून दाणे सांडावेत तशा लहान पिशव्या बाहेर पडतात. त्यांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो. १९८७ साली जॉन्स्टोन यांच्या गटाने त्यांना ‘एक्झोसोम’ म्हटले.

नको असलेले सामान बाहेर टाकण्याची ही पेशीची युक्ती असावी, असा तेव्हाचा समज होता. त्यामुळे जवळजवळ दहा वर्षे फारसे कोणी तिकडे वळले नाही. कचरा कोण तपासणार!

चित्र पालटले ते प्रतिकार-पेशींमुळे. १९९६ साली ग्रासा रापोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की बी-लिम्फोसाइटही एक्झोसोम सोडतात आणि या पिशव्या टी-पेशींना चेतवू शकतात. म्हणजे कचऱ्यात निरोप होता. २००७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे हादी वलादी, यान लोटवाल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मास्ट पेशींचे एक्झोसोम माणसाच्या मास्ट पेशींना दिले. काही वेळाने माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिने सापडली! पिशव्यांतून आरएनए पोचला होता, आणि तो वाचलाही गेला होता.

दरम्यान दुसरीकडे एक वेगळीच गोष्ट घडत होती. १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूत्रकृमीत दुहेरी धाग्याचा आरएनए घालून ठरावीक जनुक गप्प करता येते, हे सिद्ध केले. २००१ साली थॉमस टुश्ल यांच्या गटाने सस्तन प्राण्यांच्या पेशींत त्यासाठी सुमारे २१ अक्षरांचा छोटा तुकडा पुरतो, हे दाखवले. फायर आणि मेलो यांना २००६ साली नोबेल मिळाले. औषध म्हणून मात्र हा तुकडा फार अवघड. रक्तातली विकरे त्याला तोडतात आणि ऋणभारामुळे तो पेशीच्या आवरणातून आत शिरत नाही. २०१८ साली अशा पहिल्या औषधाला, पॅटिसिरनला, मान्यता मिळाली. ते स्निग्ध कणांत भरून देतात आणि ते यकृतात पोचते. लिम्फोसाइट असे कण सहजी घेत नाहीत. मॅक्रोफेज घेतात, पण पचवूनही टाकतात.

मग पेशींच्या स्वतःच्या पिशव्याच का वापरू नयेत? ऑक्सफर्डमध्ये मॅथ्यू वुड यांच्या गटाने २०११ साली उंदराच्या डेंड्रायटिक पेशींत जनुकीय बदल केले. त्यांच्या एक्झोसोमवर चेतापेशींना चिकटणारा प्रथिनाचा तुकडा आला. विजेच्या धक्क्याने त्यांत आरएनएचे तुकडे भरले आणि मेंदूतील एक जनुक बरेचसे दाबून दाखवले. पुढच्याच वर्षी गोथेनबर्गमधून बातमी आली: माणसाच्या रक्तद्रवातील एक्झोसोम वापरून मोनोसाइट आणि लिम्फोसाइटमध्ये एमएपीके-१ हे जनुक गप्प करता आले. त्या एक्झोसोमच्या पृष्ठभागावर तर काही बदलही केलेला नव्हता.

यानंतरचा प्रयोग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच लोकांना कमी माहीत असतो. २०१३ साली नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. एक्झोसोम न घालताच आरएनएला विजेचा धक्का दिला तर काय होईल? आरएनएचे गोळे तयार झाले आणि तेही तळाशी बसले. इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या धातूच्या आयनांचा हा परिणाम होता. म्हणजे ज्याला ‘पिशवीत भरलेला आरएनए’ समजले जात होते, त्यातला बराचसा पिशवीबाहेरचा गोळा असू शकत होता. गोळे होऊ दिले नाहीत तेव्हा प्रत्यक्षात भरलेला आरएनए नगण्य निघाला. आधीच्या प्रयोगांत जनुके दबली होती हे खरे, पण पिशवीत किती माल गेला याचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. वर्गात नियंत्रित प्रयोग शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

प्रतिकार-पेशींकडे जाणारा रस्ता एका अर्थी मात्र सोपा आहे. रक्तात सोडलेले बहुतेक एक्झोसोम यकृतातले आणि प्लीहेतले मॅक्रोफेजच गिळतात. मेंदूत जाऊ पाहणाऱ्याला हा ताप, मॅक्रोफेजच गाठायचे असतील त्याला हे आयते वाहन. अमेरिकेतील कोडिॲक बायोसायन्सेस या कंपनीने नेमके हेच साधले. कर्करोगाच्या गाठीत शिरलेले मॅक्रोफेज पुष्कळदा गाठीलाच मदत करतात, आणि स्टॅट-६ हे जनुक त्यात हातभार लावते. कंपनीने हे जनुक दाबणारे न्यूक्लिक आम्लाचे तुकडे एक्झोसोमवर चढवले. हे तुकडे एकेरी धाग्याचे, म्हणजे फायर-मेलो यांच्यापेक्षा निराळे, पण हेतू तोच. उंदरांमध्ये मॅक्रोफेज उलटले आणि गाठींची वाढ रोखली गेली. हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तंत्र फसले म्हणून नव्हे, पैसा संपला म्हणून.

आजही एक प्रश्न सुटलेला नाही. मॅक्रोफेजने गिळलेल्या पिशव्यांपैकी कितींतला माल पचण्याआधी पेशीद्रवात मोकळा होतो? जॉन्स्टोन यांनी आतून बाहेर जाणाऱ्या प्रथिनाचा माग काढला होता. आता बाहेरून आत जाणाऱ्या आरएनएचा काढायचा आहे.